मिकाच्या पोटचा फिलिप्पोस

समजा, तुमच्या हातात शिशाचा एक पातळ पत्रा दिला आहे. तळहातावर मावेल एवढाच. दुसऱ्या हातात दाभण. शिसं मऊ असतं, टोक टेकवलं की अक्षर उमटतं. पण ते पुसता येत नाही. चोळून सपाट केलं तरी पत्रा उजेडात तिरपा धरला की खालचं अक्षर दिसतंच. आता त्यावर एका माणसाचं नाव लिहा. उद्या न्यायालयात ज्याची जीभ अडखळावी असं तुम्हाला वाटतं, किंवा ज्याने तुमची बायको पळवली, किंवा ज्याच्या भट्टीतली भांडी तुमच्या भट्टीपेक्षा बरी निघतात, त्याचं.

लिहिलंत? आता थांबा. त्या नावाची माणसं या शहरात किती आहेत? तुमच्या गल्लीत किती? जमिनीखाली जो मेलेला हा पत्रा वाचणार, त्याला तुमचा शत्रू लाखेस कोणता आणि कोपऱ्यावरचा कोळसेवाला लाखेस कोणता, हे कसं कळणार? म्हणून नावापुढे आईचं नाव लिहायचं. बाप कोण ते लोक सांगतात म्हणून मानायचं. आई कोण याला सुईण साक्षीला असते.

मग पत्रा दुमडायचा, आतलं नाव जखडावं म्हणून आरपार खिळा ठोकायचा आणि वेशीबाहेर कुणी अकाली गेलेला असेल त्याच्या थडग्यात सोडून यायचा.

अथेन्सच्या आमच्या कुंभारवाड्यात हे काम मिका करायची. तिचा नवरा सोस्त्रातोस शिशाचं काम करायचा. दगड जोडायच्या कांबी, तराजूची वजनं, पाण्याचे नळ. ओतकामातून उरलेल्या शिशाचे तो पत्रे ठोकून ठेवायचा आणि मिका त्यांवर लोकांचे शाप लिहून द्यायची. वजनांवर खुणा उठवता उठवता ती अक्षरं शिकली होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी एकच गोष्ट विचारायची.

"आईचं नाव?"

"तिचं काय करायचंय? वैर मुलाशी आहे."

"मग घरी जा आणि विचारून ये. पत्ता नसलेला शाप परत येत नाही बाबा. तो शेजारच्या दारात शिरतो."

लोक हसायचे, पण विचारून यायचे.

मिकाला एकच मुलगा. आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतात, तसं त्याला सोस्त्रातोसच्या बापाचं दिलं: फिलिप्पोस. म्हणजे घोड्यांवर जीव असणारा. त्या घरात घोडा कधीच नव्हता. गाढवही शेजाऱ्याचं मागून आणायचे. पोरगा रांगायला लागला तेव्हापासून सगळी गल्ली त्याला राजे म्हणायची. राजे, नाक पुसा. राजे, तुमची बकरी आमच्या अंजिरावर चढलीय.

सोस्त्रातोसला ही थट्टा आवडायची. तो स्वतःच पुढे सुरू करायचा. "या नावाचे मॅसेडोनियाचे चार राजे तरी आपल्याला ठाऊक आहेत. पहिल्याला एक डोळा होता आणि त्या एका डोळ्याने त्याने आपल्या पणजोबांना चोपलं. दुसऱ्याला अर्धी अक्कल. तिसऱ्याला काही महिन्यांचं राज्य आणि क्षयाचा खोकला. आता हा चौथा. याला दोन्ही डोळे, पुरी अक्कल आणि छाती ठणठणीत. म्हणून तर हा आपल्या मुळावर आलाय."

पोरगा रुंद खांद्यांचा निघाला. शिशाच्या धुराने त्याला खोकला यायचा म्हणून तो बंदरावर गेला आणि वल्हेकरी झाला. शहराकडे तेव्हा उघडी, वर फळ्यांचं छप्पर नसलेली अशी थोडीच जहाजं उरली होती. त्यातल्या एकावर त्याला बाक मिळालं. लिसिल्लाशी त्याचं लग्न झालं, ती सासऱ्याच्याच घरात राहिली. सगळं बरं चाललं होतं, असं आता म्हणावंसं वाटतं. तेव्हा रोज कशावरून तरी कुरकुर असायची.

मग तो मॅसेडोनियाचा फिलिप्पोस राजा फौज घेऊन आला. शहराचा तट त्याला फोडता आला नाही. तो राग त्याने तटाबाहेर काढला. देवळं जाळली, बागा तोडल्या, व्यायामशाळा पेटवल्या आणि आमची थडगी फोडली. जोडवेशीच्या, म्हणजे शहराच्या दुहेरी दरवाज्याच्या, भिंतीवर उभं राहून आम्ही ते पाहिलं. सोस्त्रातोसच्या बापाचा दगडही त्यात गेला. एका सैनिकाने त्याचे दोन तुकडे केले. त्याला वाचता येत होतं की नाही कोण जाणे. आपण राजाचंच नाव फोडतोय हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

राजा गेल्यावर सभा भरली. सोस्त्रातोस घरी आला तो तापलेला, घसा बसलेला. "सगळं झालं मंजूर," तो म्हणाला. "त्याचे पुतळे, त्याच्या बापजाद्यांचे पुतळे, शिलालेख, सण, सगळं पुसायचं. आणि पुजारी आपल्यासाठी जेव्हा जेव्हा प्रार्थना करील तेव्हा तेव्हा त्याला शाप द्यायचा. दर वेळी."

मिका भाकरीचं सातूचं पीठ मळत होती. "शाप कसा द्यायचा? शब्द काय आहेत?"

"मला पाठ आहेत होय? ऐकशील तेव्हा कळेल."

तिने तो ऐकला तो पुढच्या सार्वजनिक यज्ञाला. लिसिल्लाला सहावा महिना होता. दोघी गर्दीत मागे उभ्या होत्या. पुजाऱ्याने शहरासाठी आणि मित्रांसाठी मागणं मागितलं आणि त्याच्यामागून दवंडीवाल्या फानियासने सुरू केलं. त्याचा आवाज असा की कबुतरं उडायची. शापित असो फिलिप्पोस. शापित असोत त्याची मुलं, त्याचं राज्य, त्याचं जमिनीवरचं आणि समुद्रावरचं बळ. शापित असो मॅसेडोनियाचा वंश आणि नाव.

सगळे पुन्हा म्हणाले. लिसिल्लाही म्हणाली. मिकाचं तोंड उघडलं नाही.

"सासूबाई, काय झालं?"

"आईचं नाव घेतलं नाही," मिका म्हणाली.

त्या वेळी तिचा मुलगा आपल्या मदतीला आलेल्या रोमन जहाजांच्या मागोमाग युबिया बेटाच्या किनाऱ्याला होता. समुद्रावरचा फिलिप्पोस, ज्याचं मूल वाटेवर आहे. तिने घरी जाऊन नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हातातली पळी तशीच धरून हसला.

"अगं, देवांना कळत नाही का कुठला ते?"

"कळतं ना? मग नाव तरी कशाला घ्यायचं? नुसतं म्हणायचं, तो, तो मेला तर बरं."

सोस्त्रातोसने पळी पुन्हा शिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. फानियास मासळीच्या फळ्यांपाशी उभा होता आणि मध घातलेलं गरम पाणी पीत होता. मालथाकी कोळीण त्याला एक मासा गळ्यात मारायच्या प्रयत्नात होती.

"फानियासभाऊ, एक विचारू?"

"विचार, पण हळू बोल. घसा गेलाय माझा. या राजाला शिव्याशाप देऊन मीच आधी मरेन असं दिसतंय."

"तेच विचारायला आलेय. तुम्ही कुठल्या फिलिप्पोसला शाप देता?"

"कुठल्या म्हणजे? दोन आहेत?"

"माझा एक आहे."

फानियासने पेला खाली ठेवला. मालथाकी फळीवर हात टेकून हसायला लागली. "अगं मिके, राजा म्हणून शाप लागायचा तर पोराला आधी राज्य तरी मिळू दे. दोन दिवस आम्हीही नातलग म्हणून जेवू."

"तू मासे विक," मिका म्हणाली. "भाऊ, तुम्ही नुसतं नाव घेता. त्याच्या बापाचं नाव लावा एवढंच म्हणणं आहे. डेमेट्रिओसचा मुलगा फिलिप्पोस. एक शब्द वाढला तर तुमचं काय जातं?"

"डोकं जातं," फानियास म्हणाला. आता तो हसत नव्हता. "बापाचं नाव आपण कुणाला लावतो, मिका? सभेत नाव पुकारतो तेव्हा कुणाला? जो माणूस आहे त्याला. गुलामाला लावतो का? राजाला नुसतं बिनबापाचं म्हणायचं हाच तर अपमान आहे. आणि ठराव काय आहे ऐक. त्याचा अपमान वाढवणारी सूचना कुणीही आणावी, ती तिथल्या तिथे मंजूर. त्याचा मान वाढेल असं कुणी बोललं, तर जो त्याला ठार मारील त्याला खुनाचं पाप नाही. आता तूच सांग, बापाचं नाव लावणं कशात बसतं?"

"मी सुरी चालवतेच आहे," मालथाकी म्हणाली. "फक्त इशारा करा."

"मग आईचं लावा. तो मान नाही."

"कुठल्या आईचं? कुणी म्हणतं राजकन्या, कुणी म्हणतं पकडून आणलेली बाई. त्याच्या दरबारात ज्यावर एकमत नाही ते मी चौकात ठरवू?" त्याने पेला पुन्हा उचलला आणि जरा आवाज उतरवला. "बाई, तुझ्या पोरासाठी तू वेगळं मागणं माग. कोण अडवतंय? शहराचा शाप मोठा असतो, तो बरोबर जातो."

"मोठा दगड बरोबर पडतो का?" मिका म्हणाली आणि निघून आली.

मुलगा एकदा येऊन गेला. जहाज बंदरात दुरुस्तीला लागलं होतं, तेवढ्यात घरी येऊन कांदा, खारी मासळी, भाकरी असं पोटभर खाऊन, बायकोच्या पोटाला कान लावून गेला. मिकाने त्याला विचारलं, नाव बदलतोस का? काही दिवसांपुरतं?

"काय ठेवू? त्या इराणी राजाचं, दारियस?"

"थट्टा करू नकोस."

"आई, मी वल्ह्यावर बसलो की मला पुढच्याची पाठ दिसते. शत्रूही दिसत नाही आणि किनाराही दिसत नाही. मला काही दिसत नाही तर मी कुणाला दिसणार? शापालासुद्धा नाही." मग तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, "आजोबांचं नाव आहे. त्यांचा दगड त्या राजाने फोडला. आता नावही मीच टाकू?"

तो गेला. त्यानंतर दर सणाला, दर प्रार्थनेला फानियासचा आवाज यायचा. शहरात त्या वर्षी प्रार्थनाही फार होत होत्या. मिका घरात असली तरी तिला ते ऐकू यायचं, किंवा तसं वाटायचं.

शेवटी तिने ठरवलं. शहराला पत्ता लिहायचा नसेल तर तो आपण लिहायचा. तिने नवऱ्याकडे पत्रा मागितला. तो मागताना तिने काय लिहिणार तेही सांगितलं, कारण शिसं त्याचं होतं आणि मुलगाही.

"अथेन्सच्या लोकांनी फिलिप्पोसवर घातलेला शाप डेमेट्रिओसच्या मुलाकडे जावो. मिकाच्या पोटच्या फिलिप्पोसकडे नको."

सोस्त्रातोसने पत्रा पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "तूच म्हणतेस ना, आपल्या माणसाचं नाव शिशावर कधी घालू नये?"

"म्हणते."

"मग?"

"तिकडे त्याचं नाव रोजच पोचतंय. तेही अर्धवट. मी फक्त पुरं करतेय."

"आणि 'नको' खाली पोचतं का? वाचणारा मेलेला माझ्यासारखाच कमी शिकलेला असला तर? नावं तेवढी वाचील आणि बाकीचं सोडून देईल."

"लिहिलेलं सगळं पोचतं," मिका म्हणाली. पण हे तिने मोठ्याने म्हटलं, आणि ती गिऱ्हाइकांशी कधी मोठ्याने बोलत नसे.

अक्षरं तिने नेहमीपेक्षा मोठी काढली. पत्रा दुमडला, आणखी एकदा दुमडला. मग खिळा घेतला आणि तिचा हात थांबला. खिळा न ठोकता पत्रा टाकला तर तो नुसता शिशाचा तुकडा. खिळा ठोकायचा तर मुलाचं नाव त्याच घडीत आहे. तिने पत्र्याची कोरी कड शोधली आणि खिळा तिथून मारला. वरून पाहिलं तर अक्षराला धक्का लागला नव्हता.

जोडवेशीबाहेर त्या दिवसांत थडगं उकरायला कष्ट नव्हते. शत्रूने ती आधीच उघडून ठेवली होती. लग्नाआधी गेलेल्या एका मुलीचं थडगं होतं, दगड आडवा पडलेला, खाली मातीत भेग. मिकाने पत्रा त्या भेगेत सोडला. दिवसाढवळ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी आपल्या माणसाच्या दगडाची अवस्था बघतंय. तेव्हा सगळेच ते करत होते.

मोस्खियॉन हा फिलिप्पोसच्या मागच्या बाकावर बसायचा. जहाजं परतली तेव्हा तो आधी आमच्या गल्लीत आला. आपल्या घरी न जाता. त्याला बघूनच लिसिल्ला खाली बसली.

"लढाई होती?" सोस्त्रातोसने विचारलं.

"नाही काका."

"वादळ?"

"वादळ असतं तर बरं. निदान सांगायला काही असतं." मोस्खियॉन उभाच होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. "अँड्रोस बेटाच्या धक्क्याला लागलो होतो. वारा नाही, लाट नाही. तो दोर द्यायला उतरत होता. आम्ही बोलत होतो, काही नाही, जेवणाबद्दलच. त्याचा पाय निसटला आणि तो जहाज आणि धक्का यांच्या मधे गेला. आम्ही वल्ही लावून जहाज ढकललं काका. लगेच ढकललं. पण ते आधी आत आलं आणि मग बाहेर गेलं."

"काही म्हणाला?"

"श्वासच नव्हता."

मिकाने विचारलं, "छाती?"

"हो मावशी. छातीच." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो. "तिथेच पुरला. दगड नाही लावता आला. वल्हं उभं केलंय."

बाळ त्याच महिन्यात झालं. मुलगा. लिसिल्लाचं म्हणणं होतं, बाप गेल्यावर जन्मला, त्याला बापाचंच नाव द्यायचं, असं पुष्कळ घरांत करतात. दहाव्या दिवशी नाव ठेवायला माणसं जमली तेव्हा ती बाळाला घेऊन बसली आणि म्हणाली, "याचं नाव मी सांगणार."

"सांग," मिका म्हणाली. "चौकात आवाज येईल तेव्हा खिडक्या लावत बस. मी दमलेय लावून."

लिसिल्ला फार रडली. शेवटी रीतीप्रमाणे आजोबाचंच नाव दिलं, सोस्त्रातोस. म्हाताऱ्याने बाळाला हातात घेतलं पण त्याच्या तोंडून एकही थट्टा निघाली नाही.

त्यानंतर मिका पत्रा परत काढायला गेली. थडगं नव्हतं. तट आणखी मजबूत करायला दगड हवे होते म्हणून गवंड्यांनी तो सगळा पट्टा साफ केला होता. दगड भिंतीत, माती खंदकात. तिने माती उपसून पाहिली. तिला बांगडीचा तुकडा सापडला, हाडं सापडली, तिच्याच हातचा दुसरा एक पत्रा सापडला, कुणा दोन कुंभारांच्या भांडणातला. मुलासाठी लिहिलेला तो नाही.

तेव्हापासून ती एक काम करते. गिऱ्हाईक नसलं की कोरा पत्रा घेते. त्यावर तेच शब्द त्याच आकारात लिहायचे, पण आपल्या मुलाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा. तसाच दुमडायचा आणि कोऱ्या कडेतून खिळा मारायचा. मग उलगडून बघायचं. वरच्या पदरात भोक कडेलाच असतं. पण खालच्या पदरांत ते कुठेही निघतं. घडी जराशी तिरपी बसली तरी पुरे. कधी भोक डेमेट्रिओसच्या मुलावर. कधी शहरावर. एकदा "नको" या शब्दावर, बरोबर मधोमध, तो शब्दच गेलेला. कधी त्या रेघांवर, जणू त्या माणसाच्या छातीतूनच आरपार. सोस्त्रातोस ते पत्रे पुन्हा वितळवतो आणि पुन्हा ठोकून तिच्यापुढे ठेवतो. तो तिला थांबवत नाही.

राजा अजून आहे. उत्तरेत कुठेतरी नवी पोरं फौजेत भरती करतोय म्हणतात. त्याला साधं पडसं झाल्याचंही आमच्या ऐकिवात नाही. शाप अजून दिला जातो. फानियासचा आवाज आता फाटतो, कबुतरं जागची हलत नाहीत.

परवा बाजाराची वजनं दुरुस्तीला घेऊन तो दारात उभा होता. मिकाने त्याच्यापुढे दोन उलगडलेले पत्रे ठेवले. एकात भोक शब्दातून गेलेलं, दुसऱ्यात रेघांतून.

"शहराचा शाप चुकला की काय, ते मी तुम्हाला विचारत नाही भाऊ," ती म्हणाली. "तुमचं घशाचं काम, तुम्ही केलंत. तुम्ही इतके ठराव ऐकलेत, इतके लेख वाचलेत. मला एवढंच सांगा. मी कोऱ्या कडेतून मारलेला तो खिळा खाली कुठून निघाला असेल?"